काडीविना पेटणारे इंजिन

(ट्रक, ट्रॅक्टर, आगगाड्या आणि जहाजे ज्या इंजिनावर चालतात, त्या इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्याची ओळख या पाठात करून दिली आहे. थंडीत हे इंजिन लवकर का सुरू होत नाही आणि सुरू करण्यापूर्वी त्याला ऊब का द्यावी लागते, हेही या पाठातून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर-जानेवारीतील एखादी पहाट आठवा. कडाक्याची थंडी पडली आहे. रात्रभर रस्त्याच्या कडेला उभा असलेला ट्रक त्याचा चालक सुरू करू पाहत आहे. तो किल्ली फिरवतो. इंजिन घरघरते, पण सुरू होत नाही. चालक थोडा थांबतो आणि पुन्हा सेल मारतो. पांढऱ्या धुराचा एक लोट बाहेर पडतो, इंजिन दोन-चार आचके देते आणि मग एकदाचे धडधडू लागते. हाच ट्रक दुपारी मात्र किल्ली फिरवताच सुरू होतो. असे का होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात दडलेले आहे. त्याचे नाव तुम्ही पेट्रोल पंपावर नेहमी वाचता. डिझेल हे तेलाचे नाव होण्यापूर्वी एका माणसाचे आडनाव होते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. तो माणूस म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्याचे आई-वडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे होते. वडील चामड्याच्या वस्तू तयार करणारे कारागीर होते. घरची परिस्थिती बेताचीच होती. तयार झालेला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम लहानगा रुडॉल्फ करीत असे. हातगाडी ढकलत तो पॅरिसचे रस्ते पालथे घाली. वेळ मिळाला की तो शहरातील यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तेथे वाफेवर चालणारी एक फार जुनी गाडी ठेवलेली होती. ती पाहण्यात आणि यंत्रांची चित्रे काढण्यात तो रमून जाई.

1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले. फ्रान्समध्ये राहणारे जर्मन लोक एका रात्रीत परके ठरले. डिझेल कुटुंबाला घर आणि धंदा सोडून लंडनला जावे लागले. तेथे पोट भरणेही कठीण झाले. तेव्हा आई-वडिलांनी 12 वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी पाठवले. तेथे नात्यातील एक गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून तो शिकू लागला. विचार करा, तुमच्यापेक्षाही लहान असलेला हा मुलगा युद्धाच्या दिवसांत, एकटा, परक्या देशातून प्रवास करीत गेला! वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने आई-वडिलांना पत्राने कळवले की, आपण इंजिनिअर होणार. शाळेच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिक येथील तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयात दाखल झाला.

म्युनिकला त्याला कार्ल फोन लिंडे हे थोर शिक्षक लाभले. कृत्रिम रीतीने थंडी निर्माण करणाऱ्या आणि बर्फ बनवणाऱ्या यंत्रांत लिंडे यांनी मोठे काम केले होते. एके दिवशी वर्गात लिंडे वाफेच्या इंजिनाविषयी शिकवत होते. कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्यापैकी फक्त 6 ते 10 टक्के उष्णतेचेच काम होते आणि बाकीची सारी वाया जाते, असे त्यांनी सांगितले. ही गोष्ट रुडॉल्फच्या मनाला लागली. शंभर रुपयांतील नव्वद रुपये रस्त्यावर सांडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? त्या काळचे सारे जग तेच करीत होते. ही उधळपट्टी थांबवणारे इंजिन आपण तयार करायचे, असा निश्चय त्याने विद्यार्थी असतानाच केला.

1879 मध्ये परीक्षेच्या वेळी रुडॉल्फ विषमज्वराने आजारी पडला. त्यामुळे परीक्षा हुकली. पण हातावर हात ठेवून तो बसला नाही. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील एका कारखान्यात काम केले आणि जानेवारी 1880 मध्ये फार मोठ्या यशाने परीक्षा पार केली. त्यानंतर लिंडे यांनी त्याला पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात नेमले. अशा रीतीने, पुढे विस्तवाचे इंजिन बनवणारा हा माणूस दहा-बारा वर्षे बर्फ आणि थंडी यांच्या धंद्यात होता! बाटलीतच स्वच्छ बर्फ तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्यांनी 1881 मध्ये घेतले.

ही गोष्ट वरवर विचित्र वाटते, पण तशी नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. तो गरम लागतो. याचे मुख्य कारण म्हणजे दाबलेली हवा तापते. उलट, दाबातून सुटून पसरणारी हवा थंड होते. बर्फाच्या यंत्रात वायू दाबणे आणि पसरवणे हेच काम चालते. डिझेल यांनी याच नियमाची दुसरी बाजू धरली. हवा जर खूप जोराने दाबली, तर ती इतकी तापेल की तिच्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटेल. मग काडी नको आणि ठिणगीही नको. आग्नेय आशियातील लोक फार पूर्वीपासून एका लहान नळीत दट्ट्या जोराने मारून कापूस पेटवत असत. त्याच्या मुळाशीही हाच नियम होता.

1892 मध्ये डिझेल यांनी आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1893 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. या इंजिनामागे त्यांचा आणखी एक हेतू होता. वाफेची प्रचंड इंजिने फक्त श्रीमंत कारखानदारांनाच परवडत. त्यामुळे त्यांच्या वडिलांसारखे लहान कारागीर मागे पडत. लहान, कमी खर्चाचे इंजिन मिळाले, तर कारागीरही आपल्या पायावर उभे राहतील, असे डिझेल यांना वाटत होते.

ऑग्सबर्गच्या यंत्र-कारखान्याने त्यांना प्रयोगासाठी जागा आणि माणसे दिली. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतः चालणार नव्हते. कारखान्यातील पट्ट्याने ते बाहेरून फिरवले गेले. आत इंधन सोडताच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. थोडक्यात अनर्थ टळला. दुसरा कोणी असता तर घाबरून गेला असता. डिझेल यांना मात्र त्यात आनंद झाला. काडी न लावता इंधन पेटते, हे तर सिद्ध झाले होते!

त्यानंतर कित्येक महिने बदल आणि दुरुस्त्या चालू होत्या. 17 फेब्रुवारी 1894 रोजी पट्ट्याने इंजिन फिरत असताना एका कामगाराच्या नजरेला काही वेगळेच दिसले. आता पट्टा इंजिनाला ओढत नव्हता, तर इंजिनच पट्ट्याला ओढत होते. तो कामगार काही बोलला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मुकाट्याने डिझेल यांना अभिवादन केले. इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले होते. एका मिनिटाच्या त्या यशामागे किती वर्षांची मेहनत होती, हे तुम्हांला आता कळलेच असेल.

त्या एका मिनिटानंतरही तीन वर्षे खपावे लागले. फेब्रुवारी 1897 मध्ये म्युनिकच्या एका प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष इंजिनाची परीक्षा घेतली. हे इंजिन सुमारे 20 अश्वशक्तीचे होते. त्याने इंधनातील 26 टक्क्यांहून अधिक उष्णता कामाला लावली. वाफेच्या इंजिनाच्या मानाने ही मजल फार मोठी होती. देशोदेशीचे कारखानदार हे इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेऊ लागले. कारागिराचा मुलगा लक्षाधीश झाला.

पण येथेच एक चूक झाली. इंजिन कारखान्यात चालले, म्हणजे ते बाजारात जाण्यास तयार झाले, असे सर्वांनी गृहीत धरले. 1898 मध्ये पहिले इंजिन विकले गेले, ते केम्प्टन गावातील काडेपेट्यांच्या कारखान्याला. ज्या इंजिनाला काडी लागत नाही, ते काडेपेट्यांच्या कारखान्यात गेले! तेथे ते वारंवार बिघडू लागले. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. काही विकत घेणाऱ्यांनी इंजिने परत केली. त्यातच पेटंटबद्दल खटले सुरू झाले. अतिश्रमाने डिझेल यांची तब्येत ढासळली. त्यांना काही महिने रुग्णालयात राहावे लागले. जमिनीच्या व्यवहारांतही त्यांचे फार नुकसान झाले.

हळूहळू इंजिनातील दोष दूर होत गेले. 1900 मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वनस्पतींची तेलेही एके काळी महत्त्वाचे इंधन ठरतील, असा विचार डिझेल यांनी 1912 मध्ये मांडला होता. 10 ऑगस्ट हा त्यांच्या पहिल्या चाचणीचा दिवस जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो, तो याच आठवणीसाठी. 1912 मध्येच 'सेलांडिया' नावाचे डॅनिश जहाज डिझेल इंजिनाच्या जोरावर कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. त्या जहाजाला धुराडे नव्हते. ते पाहून बंदरांवरील लोक आश्चर्याने थक्क होत.

जगात नाव झाले, तरी डिझेल कर्जाच्या ओझ्याखाली दबले होते. 29 सप्टेंबर 1913 रोजी ते बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला एका सभेसाठी निघाले. रात्री जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. सकाळी पाहतात तो खोली रिकामी होती आणि बिछाना तसाच होता. काही दिवसांनी समुद्रात एका डच बोटीला एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातील वस्तू डिझेल यांच्या मुलाने ओळखल्या. हा मृत्यू कसा झाला, हे कोडे कधीच सुटले नाही. त्या वेळी डिझेल अवघे 55 वर्षांचे होते.

डिझेल गेले, पण त्यांचे इंजिन थांबले नाही. त्यांच्या हयातीत ते माणसाहून उंच आणि काही टन वजनाचे होते. ते कारखान्याच्या छपराखाली किंवा जहाजाच्या पोटात राहत असे. पुढे त्याचा आकार लहान झाला. 1920 नंतर ते ट्रकमध्ये आणि 1936 मध्ये मोटारगाडीतही बसले. आता त्याला रस्त्यावर, उघड्यावर, बर्फात उभे राहावे लागले. तेव्हा त्याचा खरा शत्रू समोर आला. तो म्हणजे थंडी.

मित्रांनो, पाठाच्या सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा आठवा. या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेची उष्णता हीच त्याची काडी. गरम दिवसांत ही हवा 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. डिझेल पेटण्यासाठी त्याहून पुष्कळ कमी उष्णता पुरते. परंतु पहाटेच्या थंडीत आत येणारी हवा मुळातच गार असते. सिलिंडरच्या लोखंडी भिंतीही गार असतात. हवा जेवढी तापते, त्यातली पुष्कळशी उष्णता त्या भिंतीच शोषून घेतात. थंडीने वंगणाचे तेल घट्ट होते, म्हणून इंजिन जड फिरते. बॅटरीचाही जोर कमी झालेला असतो. इंजिन सावकाश फिरले, की दाबलेली हवा फटींतून निसटते आणि पुरेशी तापत नाही. न पेटलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. काडी ओली असावी, तशी ही अवस्था असते.

यावर उपाय एकच. काडी वाळवायची, म्हणजे इंजिनाला ऊब द्यायची. ही ऊब देण्याच्या अनेक रीती आहेत. पुष्कळ डिझेल गाड्यांच्या इंजिनात ग्लो प्लग नावाची एक बारीक कांडी असते. किल्ली अर्धी फिरवली, की बॅटरीच्या विजेने ती लालबुंद होते. चालकासमोर वेटोळ्याच्या आकाराचा एक छोटा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल मारायचा, असा नियम आहे. घाईने हा नियम मोडला, तर बॅटरी उतरते. काही मोठ्या इंजिनांत आत जाणारी हवाच विजेच्या तारेने तापवतात. कॅनडा आणि नॉर्वे यांसारख्या थंड देशांत इंजिनाभोवतीचे पाणी तापवणारा हीटर बसवतात. रात्री गाडी उभी केली, की त्याची वायर घरातील विजेला जोडतात. सकाळी इंजिन कोमट असते आणि चटकन सुरू होते.

जर्मनीत 1921 मध्ये 'लान्झ बुलडॉग' नावाचा ट्रॅक्टर आला. त्याचे इंजिन डिझेल इंजिनाचे भावंडच म्हणा ना! त्यात हवा कमी दाबली जाई, म्हणून पुढच्या बाजूला लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. शेतकरी आधी काही मिनिटे स्टोव्हसारख्या ज्योतीने तो गोळा तापवी आणि मगच ट्रॅक्टर सुरू करी. आपल्याकडे शेतावरील पंपाचे डिझेल इंजिन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. पुण्याजवळ खडकी येथे 1946 मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने अशी इंजिने महाराष्ट्राच्या शेतांपर्यंत पोहोचवली. हँडलने सुरू होणाऱ्या इंजिनावर एक कळ असते. ती उचलून धरली, की हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. वेग आला, की कळ सोडतात. मग हवा एकदम जोरात दाबली जाते, तापते आणि इंजिन पेट घेते.

लडाखसारख्या प्रदेशात तर डिझेलच गोठू लागते, कारण त्यात मेणासारखा घटक असतो. तेथे काही ट्रकचालक टाकीखाली स्टोव्ह पेटवून ती गरम करीत. हा फार धोक्याचा उपाय आहे. तो कोणीही करू नये. 2019 मध्ये इंडियन ऑइल कंपनीने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहते.

इंजिन सुरू झाले, तरी ते लगेच जोराने पळवू नये. घट्ट झालेले तेल सर्व भागांपर्यंत पोहोचण्यास थोडा अवधी लागतो. जाणकार चालक इंजिन थोडा वेळ हळू फिरू देतो, मग गाडी सावकाश काढतो. अशा इंजिनाचे आयुष्य वाढते.

आज डिझेलच्या धुराने हवा दूषित होते, हे खरे आहे. म्हणून दुसऱ्या साधनांचा शोध चालू आहे. तो शोध घेणाऱ्यांनाही रुडॉल्फ डिझेल यांच्यासारखीच चिकाटी लागेल. त्यांचे इंजिन एका मिनिटासाठी चालले, त्यामागे वर्षे होती. ते घाईने बाजारात आणले, तेव्हा ते बिघडले. धीराने सुधारले, तेव्हा समुद्र ओलांडून गेले. आता थंडीच्या पहाटे एखादा चालक किल्ली अर्धी फिरवून त्या छोट्या दिव्याकडे पाहत थांबलेला दिसला, तर तो वेळ वाया घालवीत आहे, असे समजू नका. काम सुरू होण्यापूर्वीची तयारी हासुद्धा कामाचाच भाग असतो.

शब्दार्थ
बेताची – जेमतेम
पालथे घालणे – सगळीकडे फिरणे
विषमज्वर – टायफॉइड
उधळपट्टी – विनाकारण केलेला खर्च
दट्ट्या – नळीत मागेपुढे सरकणारा दांडा, पिस्टन
अनर्थ – मोठे संकट
खपणे – खूप मेहनत करणे
वंगण – यंत्राचे भाग सहज फिरावेत म्हणून घातलेले तेल
प्रवाही – वाहणारे, पातळ
चिकाटी – काम न सोडण्याची वृत्ती

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रुडॉल्फचे वडील कोणता व्यवसाय करीत?
(आ) पहिले डिझेल इंजिन कोणत्या कारखान्याला विकले गेले?
(इ) 'सेलांडिया' जहाज पाहून लोक थक्क का होत?

प्रश्न 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिंडे यांनी वर्गात सांगितलेली कोणती गोष्ट रुडॉल्फच्या मनाला लागली? का?
(आ) 17 फेब्रुवारी 1894 रोजी कामगाराने टोपी का काढली?
(इ) थंडीत डिझेल इंजिन लवकर सुरू न होण्याची कारणे सांगा.

प्रश्न 3. वाक्यांत उपयोग करा.
मनाला लागणे, हातावर हात ठेवून बसणे, आपल्या पायावर उभे राहणे, थक्क होणे.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या ट्रकचालकाला किंवा मेकॅनिकला भेटा. थंडीत इंजिन सुरू करताना ते कोणती काळजी घेतात, ते विचारून आठ-दहा वाक्ये मराठीत लिहा.